भाचा स्ट्रायकर आहे, पुण्याच्या क्लबात बेंचवर बसून राह्यलाय, परत आणावा का?

रेल्वेग्राउंड_भुसावळ:
नमस्कार मंडळी. भाचा सतरा पूर्ण, लहानपणापासून इथं भुसावळलाच रेल्वेच्या ग्राउंडवर खेळला, शाळेकडून सुब्रतो कपला (शाळांची फुटबॉल स्पर्धा) विभागापर्यंत म्हणजे नाशिकपर्यंत जाऊन आला. मागच्या वर्षी ट्रायल देऊन पुण्याच्या एका क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये लागला, राहणं-खाणं त्यांचंच, ताईनं गल्लीभर पेढे वाटले. आता सीझन निम्मा झाला आणि गोल एकच, तोही पेनल्टी. इथं तो नऊ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढं मधोमध खेळायचा, तिथले सर त्याला कधी विंगवर टाकतात आणि बरेचदा शेवटची दहा-पंधरा मिनिटं आत सोडतात. फोनवर म्हणतो मामा, इथं बॉल पायात आला की वळायच्या आतच डिफेंडर पाठीवर. दाजींचं म्हणणं आहे बस झालं, घरी ये, बारावी कर आणि पोलीस भरतीच्या मागे लाग. पोरगं काही ऐकत नाही आणि दोघांच्या मध्ये मी सापडलोय. एवढ्या वयाचा स्ट्रायकर गोल मारत नसेल तर त्यात दम नाही असं समजायचं का?

अमळनेर_नऊनंबर:
असं अजिबात समजू नका भो. हॅरी केनचंच घ्या, लहान असताना आर्सेनलनं काढून टाकलेलं पोरगं, मग टॉटनहॅमकडं आलं. त्यांनी त्याला 2011 मध्ये लेटन ओरिएंटला लोनवर, म्हणजे तात्पुरतं खेळायला धाडलं, तिथं 5 गोल, मग मिलवॉलला जरा बरं गेलं 9 झाले, आणि मग नॉर्विच, तिथं पहिल्याच मॅचला वेस्ट हॅमसमोर गोलकीपर एकटा सापडला तरी चुकवला आणि थोड्याच दिवसांत पायाचं हाड मोडून बसला, तिथं गोल शून्य. मग 2013 मध्ये लेस्टर, 2 गोल, आणि प्लेऑफला बेंचवर. वीस पूर्ण व्हायच्या आत चार क्लब फिरून आला होता आणि तेव्हा कुणी म्हणालं असतं की हा इंग्लंडचा सगळ्यात जास्त गोल मारणारा होणार तर लोक हसले असते. 2014-15 ला मात्र सगळ्या स्पर्धा धरून 31 मारले. पुढं इंग्लंडकडून खेळलेल्या जेमी वार्डीला तर सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडेनं घरी पाठवलं, नंतर आठवड्याला 30 पाउंडावर छोट्या क्लबात खेळायचा आणि दिवसा फॅक्टरीत काम. तुमच्या भाच्याचे कितीतरी सीझन अजून जायचेत, दाजींना सांगा जरा दम खा.

मुरमाचंमैदान_धुळे:
वरच्यांनी चांगलं लिहिलं पण केनचं नाव घेऊन पोराचा खेळ सुधरत नाही ना. मी धुळ्याला पोरं शिकवतो म्हणून सांगतो, भाच्यानं जे सांगितलं ना की वळायच्या आत डिफेंडर येतो, खरी गोष्ट तिथंच आहे. आपल्याकडं मुरमाचं ग्राउंड, उन्हाळ्यात तर नुसतं कडक, बॉल कुठं उडेल सांगता येत नाही, त्यामुळं आपल्या पोरांना सवय लागते की आधी बॉल तळपायानं दाबून थांबवायचा, मग मान वर करायची, मग वळायचं. इथं चालून जातं कारण समोरचाही त्याच ग्राउंडवर शिकलेला. टर्फवर बॉल सरळ आणि जोरात येतो, थांबवला की संपलं. बॉल यायच्या आधीच खांद्यावरून मागं बघून घ्यायचं, अंग अर्धं तिरकं ठेवायचं आणि पहिल्या टचलाच बॉल गोलच्या बाजूला काढायचा. हे रोज भिंतीवर बॉल मारून करता येतं, दोन्ही पायांनी, त्याला कोच लागत नाही. आणि त्याला विचारा क्रॉस येताना तो कुठं धावतो, निम्मी पोरं मागच्या पोस्टवर उभी राहून वाट बघतात, नियर पोस्टला, म्हणजे जवळच्या खांबाकडं डिफेंडरच्या पुढून घुसायला कुणी तयार नसतं.
विंगवर खेळवतात याचं वाईट वाटून घेऊ नये. सुनील छेत्रीसुद्धा बेंगळुरूला डावीकडून खेळायचा, मध्ये मिकू हा परदेशी स्ट्रायकर असायचा, तरी 2017-18 च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) दोघांनी मिळून 29 गोल मारले.

तापीकाठ_नंदुरबार:
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. आपल्याकडं क्लबवाले नऊ नंबरला बाहेरचा प्लेअर आणतात, भारतीय स्ट्रायकरला मिनिटं मिळतच नाहीत, आणि 2025 ला तर आयएसएल वेळेवर सुरूसुद्धा झाली नाही, पगारी प्लेअर घरी बसले होते. दाजींची काळजी काही वेड्यासारखी नाही. छेत्रीचंच उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्या, मोहन बागान सोडून 2005 ला पंजाबात जेसीटीकडं गेला तेव्हा खरा दिसायला लागला, आणि 2012 ला पोर्तुगालला स्पोर्टिंगच्या राखीव टीममध्ये अडकला तर सरळ चर्चिल ब्रदर्सकडं लोनवर आला, त्याच सीझनला चर्चिलनं आय-लीग जिंकली. मोठ्या नावाच्या बेंचवर बसण्यात काही अर्थ नाही. पुण्यातच खालच्या डिव्हिजनचा क्लब बघा जिथं नव्वद मिनिटं मिळतील.

रेल्वेग्राउंड_भुसावळ:
धुळेवाले सर, तुमचा मेसेज त्याला तसाच फॉरवर्ड केला, म्हणतो आमचे कोचपण सारखं खांद्यावरून बघ खांद्यावरून बघ ओरडतात 😅 नंदुरबारवाले भाऊ, क्लब बदलायला काही कागदपत्रं लागतात का? आणि बारावीचं काय करायचं?

एनओसी_जळगाव:
कागदाचं मी सांगतो. आधी एआयएफएफच्या (देशाची फुटबॉल संघटना) सीआरएसमध्ये, म्हणजे प्लेअर नोंदणीच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये त्याचं रजिस्ट्रेशन कुणाच्या नावावर आहे ते बघा, सध्याच्या क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडं खेळता येणार नाही, त्यामुळं भांडण करून निघू नका, सीझन संपला की गोडीत बोला. अठराच्या आत प्रो कॉन्ट्रॅक्ट पुढं ठेवलं तर तीन वर्षांच्या वर सही करायची नाही, फिफाचाच नियम आहे. जन्मदाखला आणि आधारवर एकच तारीख पाहिजे. ट्रायलचे पैसे मागणारा कुणी भेटला तर फोन ठेवून द्या.
बारावी तर करायचीच, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीतही, पण सर्टिफिकेट विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून तपासून घ्यावं लागतं, म्हणजे आपल्याला नाशिक. कुठल्या स्पर्धा धरतात ते जीआरमध्ये वाचा, क्लब लीगचं सर्टिफिकेट चालेलच असं धरून बसू नका. सुब्रतोचे कागद ताईंकडं असतील तर आजच लॅमिनेशन न करता फाइलला लावा, लॅमिनेशन केलं की मागच्या बाजूला शिक्का मारता येत नाही.

रेल्वेग्राउंड_भुसावळ:
लॅमिनेशन करून झालंय ताईचं 🤦 शाळेतून डुप्लिकेट मिळतं का बघतो.