एमकॅसची अट गेली, मग डिप्लोमा कशावर?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकहून बोस्टनजवळ राहायला आलो आहोत. मुलगी नववीत आहे. दहावीची एमकॅस, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याची परीक्षा, पास व्हायची अट आता राहिली नाही असं ऐकलं. मग डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, नेमका कशावर मिळतो? आणि परदेशी भाषा म्हणून मराठी धरतात का? शाळेने विषय निवडायचा फॉर्म दिलाय, पण कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

---

ताई, मी इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यातून एमकॅस आली. २००३ च्या बॅचपासून ती पास झाल्याशिवाय डिप्लोमा मिळेना. आधी इंग्रजी आणि गणित, पुढे विज्ञानही. नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात ही अट काढायची का, असा थेट मतदारांना विचारलेला प्रश्न होता, ‘क्वेश्चन २’. त्याच्या बाजूने सुमारे ५९ टक्के मतं पडली आणि ही अट गेली. परीक्षा मात्र आहे. तिसरी ते आठवी आणि दहावीत ती होतेच, कारण फेडरल कायद्याप्रमाणे राज्याला ती घ्यावी लागते. दहावीच्या गुणांवर ॲडम्स स्कॉलरशिपही ठरते. तिच्यात राज्याच्या कॉलेजांची ट्यूशन माफ होते, बाकीची फी नाही, आणि खरा मोठा आकडा फीचाच असतो. तरी मुलीला अभ्यास करून बसू द्या.

डिप्लोमा आता गावाच्या स्कूल कमिटीने (गावातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाने) ठरवलेल्या विषयांवर आणि क्रेडिटांवर मिळतो. आपल्याकडे दहावीला शाळा शिकवते आणि पेपर बोर्ड तपासतं. इथे शिकवणारी शाळाच उत्तीर्ण ठरवते. राज्याची ‘मासकोर’ नावाची यादी आहे: इंग्रजी आणि गणित प्रत्येकी ४ वर्षं, प्रयोगशाळेसह विज्ञान ३, इतिहास ३, एकच परदेशी भाषा २, कला १, वर आणखी काही विषय. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे एका गावात ४ वर्षं गणित करावं लागतं, शेजारच्या गावात ३ वर चालतं, आणि दोघांच्या हातात पडतो तो राज्यातल्या पब्लिक स्कूलचा डिप्लोमाच. मला हे फार खुपतं. सधन गावांतली मुलं सक्ती नसली तरी कॅल्क्युलसपर्यंत जातात. ज्या मुलांचे आईवडील दोन-दोन नोकऱ्या करतात, ज्यांच्या वतीने शाळेत विचारायला कोणी जात नाही, ती मुलं कमी गणितावर बाहेर पडतात आणि कम्युनिटी कॉलेजात पहिल्याच सत्रात अडतात. सगळ्या राज्याला सारखी एक किमान पातळी होती, ती आपण काढून टाकली आणि जागी तसं सारखं मोजमाप ठेवलं नाही.

मराठीचं उत्तरही गावावर अवलंबून. काही शाळा बाहेर शिकलेल्या भाषेचं क्रेडिट देतात, काही देत नाहीत. कौन्सेलरना ‘सील ऑफ बायलिटरसी’बद्दल, म्हणजे इंग्रजी आणि आणखी एक भाषा चांगली येते म्हणून मिळणाऱ्या मान्यतेबद्दल, जरूर विचारा. २०१७ च्या कायद्याने ते आलं, पण त्यात भाग घ्यायचा की नाही हे तिथलं स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतं. त्यासाठी इंग्रजीचं प्रावीण्य दहावीच्या एमकॅसवरून पाहतात. परीक्षा मनावर घ्यायचं हे आणखी एक कारण.

---

ताईंचं बरंचसं पटलं, पण एक बाजू राहिली. माझ्या मुलाचा आयईपी होता, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा करते तो वेगळा शिक्षण-आराखडा. वर्गातले सगळे विषय तो पास झाला, प्रोजेक्ट मनापासून करायचा, पण एमकॅसचा पेपर समोर आला की गोठून जायचा. दरवर्षी साधारण ७०० मुलं फक्त या परीक्षेपायी डिप्लोम्याविना राहायची. त्यातली बहुतेक अपंगत्व असलेली किंवा नुकतं इंग्रजी शिकणारी. त्या वर्षी हायस्कूल संपवणाऱ्या राज्यातल्या मुलांच्या मानाने ती साधारण १ टक्काच, पण घरात तो आकडा नसतो, आपलं मूल असतं. मी अट काढायच्या बाजूने मत दिलं आणि आजही देईन.

---

दादा, तुमच्या मुलाला डिप्लोमा मिळायलाच हवा होता, यात दुमत नाही. माझा आग्रह परीक्षेचा नाही, सगळ्या गावांना सारख्या अटींचा आहे. मासकोर सक्तीचं करा, आणि पेपर जमत नाही त्याला प्रोजेक्ट किंवा पोर्टफोलिओने तेच ज्ञान दाखवू द्या. गव्हर्नर हीली यांचा ‘क्वेश्चन २’ ला विरोध होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी नव्या अटी सुचवण्यासाठी कौन्सिल नेमलं. आयईपीवाल्या पालकांनी आपला अनुभव त्यांना लिहून कळवायला हवा. तुम्ही लिहाल का? मसुदा करायला मी मदत करते.

आणि नाशिकच्या ताई, फॉर्म भरण्याआधी शाळेच्या वेबसाइटवरचं ‘प्रोग्रॅम ऑफ स्टडीज’, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, उघडा. ग्रॅज्युएशनच्या अटी साधारण सुरुवातीच्या पानांतच असतात. गणिताची किती वर्षं लिहिली आहेत ते मला कळवा, मग पुढचं बघू.