गोष्ट सांगणाऱ्या कविता आणि जगाचा इतिहास, कुठून सुरुवात करू?

बडोदेकर_पोरगा:
मी कॉलेजला आहे, कविता कधी फारशी वाचली नाही, पण यंदा गणपतीत दांडिया बाजारात पोवाडा ऐकला, डफावर थाप पडली आणि मागून झीलकऱ्यांनी जी जी रं जी धरलं की काटाच येतो अंगावर. बाकी जगातपण असं असेल ना? त्यातून इतिहास कळेल का?

मातीची_वीट:
गिलगमेश वाच रे, आधी तेच! आजच्या इराकमधल्या प्राचीन उरुक शहराचा राजा, जिवलग मित्र एन्किडू मेल्यावर मरण टाळायचा उपाय शोधत वणवण फिरतो. तिथल्याच निनेव्हे या जुन्या शहरात मातीच्या विटांवर सापडलेलं काव्य आहे. त्यातला जलप्रलय १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने वाचून काढला, मूळचा नोटांचे ठसे कोरणारा माणूस! पूर ओसरला का बघायला आधी कबुतर सोडतात, मग पाकोळी, दोन्ही परत येतात, मग कावळा सोडतात आणि तो येतच नाही, म्हणजे जमीन मिळाली. काय सुचलंय बघ.

शोभाताई_अलकापुरी:
छानच, पण काव्य म्हणजे पुरावा नाही हं बाळा. श्लीमन नावाच्या जर्मन माणसाने ग्रीक कवी होमरचं ट्रॉयच्या युद्धाचं काव्य वाचून तुर्कस्तानात हिसार्लिक टेकडी खणली, एकावर एक वसलेली गावं निघाली, पण ज्याला तो ट्रॉयचा राजा प्रायमचा खजिना म्हणाला तो त्या युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळापेक्षा हजारेक वर्षं जुना. अफजलखानाच्या वधावरचा शाहीर अगिनदासाचा पोवाडा मात्र त्याच काळातला, म्हणून त्याचं मोल वेगळं.

बडोदेकर_पोरगा:
थँक्यू ताई, दादा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत शनिवारी जातो, गिलगमेश मराठीत मिळेल का तिथे?