सिबिल चांगला असूनही क्रेडिट कार्ड रिजेक्ट, हे लोक नेमकं बघतात तरी काय?

कन्नमवारनगरची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण सांभाळून घ्या. मी अंधेरी एमआयडीसीत एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये अकाउंट्सला आहे, बाजूच्या गाळेवाल्यालाही नाव माहीत नसेल अशी कंपनी. हातात ४६ हजार येतात. त्यातून पतपेढीच्या कर्जाचे ९०००, भावासाठी माझ्या नावावर घेतलेल्या बाइकचे ४६०० आणि फोनचे ३४०० असे हप्ते जातात, आजपर्यंत एकही चुकलेला नाही. पेमेंट अ‍ॅपवर सिबिल, म्हणजे आपण कर्ज किती नीट फेडतो त्याचा स्कोअर, फुकट दाखवतात तिथे ७७१ आहे, हिरव्या रंगात.

पगार ज्या बँकेत येतो तिचाच मेसेज आला की तुमचं कार्ड प्री-अप्रूव्ह्ड आहे, क्लिक करा. केलं क्लिक, पॅन टाकला, सगळं भरलं आणि दुसऱ्या दिवशी काय तर "बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार अर्ज मंजूर करता येत नाही". अरे मग प्री-अप्रूव्ह्ड कशाला म्हणता? ब्रँचमध्ये विचारलं तर मॅडम म्हणाल्या आमच्या हातात काही नसतं, सिस्टीमने रिजेक्ट केलंय. मग घाटकोपरच्या मॉलमध्ये टेबल टाकून बसतात ना, त्यातल्या एकाने दुसऱ्या बँकेचा फॉर्म भरून घेतला, मॅडम १०० टक्के होणार म्हणाला. तिथूनही नाही. आता तोच फोन करतोय की तिसऱ्या बँकेत टाकूया.

अजून एक, आमची कन्नमवारनगरची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय, सध्या भांडुपला भाड्याने राहतो आणि आधारवर जुनाच पत्ता आहे. त्यामुळे होतंय का? रिजेक्ट झाल्यावर सिबिल पडतो का? आणि तिसरीकडे टाकू का?

कटिंग_मारके

तिसरीकडे अजिबात टाकू नका. त्याला कार्डामागे कमिशन मिळतं, टार्गेट असतं, तुमचा रिपोर्ट खराब झाला तरी त्याच्या बापाचं काय जातंय. फोन उचलूच नका काही दिवस.

निवृत्त_क्रेडिटवाला

ताई, मी एका बँकेच्या क्रेडिट विभागात बरीच वर्षं काढली, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, अ‍ॅपवर दिसणारा तो आकडा सिबिलचाच आहे का ते बघा. आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट सिबिल म्हणायची सवय लागलीय, पण लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवून स्कोअर काढणाऱ्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर चौघींचा ३०० ते ९०० मध्येच असतो पण गणित प्रत्येकीचं वेगळं आणि माहिती अपडेट व्हायची वेळही मागेपुढे. अ‍ॅपवाल्यांचा करार एकीशी असतो आणि बँक ओढते दुसरीचा. त्या हिरव्या रंगावर जाऊ नका.

दुसरं म्हणजे अमुक स्कोअरला कार्ड द्यायलाच हवं असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, कमीत कमी किती पाहिजे तेही त्यांनी ठरवून दिलेलं नाही. प्रत्येक बँकेची पॉलिसी आपापली. साडेसातशेच्या वर असला की अर्ज दारातून आत गेला एवढंच समजा, खरी चाळणी त्यानंतर. आधी बँक स्वतःच्या रेकॉर्डमध्ये शोधते की हा माणूस आपल्याकडे पूर्वी आलाय का, कुठे थकवलंय का, हल्लीच रिजेक्ट झालाय का. रिजेक्ट झालेल्याला बऱ्याच बँका तीन ते सहा महिने परत घेतच नाहीत, म्हणून त्याच बँकेत पुन्हा पुन्हा क्लिक करण्यात अर्थ नसतो. मग वय, पगार, पिनकोड, आणि तुमची कंपनी बँकेच्या यादीत आहे का. ही यादी म्हणजे मोठी भानगड असते. लिस्टेड कंपनी, सरकारी नोकरी, मोठी आयटी वगैरे वरच्या वर्गात आणि यादीत नसलेल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडला पगाराची अट जास्त लावतात. तुमचं तिथे अडकलेलं असू शकतं, त्यात तुमचा काडीचा दोष नाही.

मग हप्ते. याला आम्ही फॉयर म्हणायचो, म्हणजे हातात येणाऱ्या पैशातले किती आधीच ठरलेल्या देण्यांत जातात. तुमचे ९०००, ४६०० आणि ३४०० मिळून १७ हजार, ४६ हजारांच्या साधारण ३७ टक्के. बऱ्याच ठिकाणी ४० ते ५० च्या पुढे गेलं की नकार येतो, म्हणजे तुम्ही आत आहात पण फार आत नाही. पतपेढीचं कर्ज बऱ्याचदा रिपोर्टात नसतं, पण खात्यातून दर महिन्याला जातंय आणि पगार त्याच बँकेत येतो म्हटल्यावर त्यांना ते दिसणारच.

प्री-अप्रूव्ह्डचं म्हणाल तर तो जाहिरातीचा मेसेज. आधीच्या कुठल्यातरी तारखेच्या माहितीवरून यादी निघते आणि लाखो लोकांना जातो. तुम्ही क्लिक केल्यावर ताजा रिपोर्ट ओढतात, खरी तपासणी तेव्हा. लोकांना हे माहीत नसतं आणि बँकाही स्पष्ट सांगत नाहीत, हे मात्र चूकच आहे त्यांचं.

रिजेक्ट झाल्याची नोंद रिपोर्टात होत नाही. नोंद होते ती चौकशीची, की अमुक तारखेला अमुक बँकेने कार्डासाठी रिपोर्ट मागवला. दोन-तीन चौकश्या एकापाठोपाठ दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं बाई पैशाच्या अडचणीत आहेत, आणि स्कोअरही थोडा घसरतो. स्वतः बघितल्याने मात्र काही होत नाही, रोज बघा.

ट्रान्झिटमधला_लालबागकर

पत्त्याचं मी सांगतो कारण आमच्याकडे सगळी चाळच त्यातून गेलीय. फॉर्मवर जिथे खरंच राहताय तोच पत्ता टाकायचा. बँकेचा माणूस व्हेरिफिकेशनला जुन्या पत्त्यावर गेला आणि तिथे पत्रे लावून पाइलिंगचं मशीन धडधडतंय म्हटल्यावर तो काय लिहिणार? पत्ता सापडला नाही. संपला विषय, अर्ज बाद. रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, असेल तर त्यावरून आधारचा पत्ता बदलता येतो, पण कराराच्या कागदावर तुमचं नाव पाहिजे, नुसतं वडिलांचं असेल तर अडवतात. आणि ऑफिसच्या लँडलाइनवर फोन येतो तेव्हा उचलणाऱ्याला सांगून ठेवा, आमच्याकडच्या एकाने "असं कोणी नाही इथे" सांगून मोकळा झाला होता, वसुलीवाले समजून.

निवृत्त_क्रेडिटवाला

लालबागकर बरोबर बोलतायत, पण ताईंना दुसऱ्याच दिवशी नकार आलाय म्हणजे निदान पगाराच्या बँकेत तरी पत्ता बघायला माणूस गेलाच नसणार. तो नकार कॉम्प्युटरने दिलाय. मॉलवाल्याचं सांगता येत नाही.

वसईची_फास्ट

कारण लेखी मागा ना, सगळे तर्क कशाला लढवताय? रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डाच्या निर्देशांत स्पष्ट आहे की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. "अंतर्गत धोरण" हे कारणच नाही. बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल टाका, अर्जाचा नंबर द्या आणि लिहा की नाकारण्याचं विशिष्ट कारण कळवावं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. कार्ड द्या असं लोकपाल सांगणार नाही हं, कोणाला कार्ड द्यायचं तो बँकेचा व्यावसायिक निर्णय, पण कारण द्या एवढं तरी मागता येतं.

आणि वर्षातून एकदा चारही कंपन्यांकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. साइट पैशाचे प्लॅन पुढे पुढे करते, त्यात अडकू नका, फुकटची लिंक खाली कुठेतरी असते. आधी तो काढा, नुसता आकडा नाही, पूर्ण रिपोर्ट.

गिरगावचा_आजोबा

४६ हजार पगार, १७ हजारांचे हप्ते, आणि वर कार्ड कशाला हवंय? आम्ही आख्खी नोकरी रोखीत केली.

कन्नमवारनगरची

आजोबा, कंपनीच्या कामाची विमानाची तिकिटं मला माझ्या खात्यातून काढावी लागतात आणि परतावा पुढच्या महिन्यात मिळतो, म्हणून हवंय. शॉपिंगला नाही.

बाकी सगळ्यांचे आभार. रिपोर्ट काढले. अ‍ॅपवरचा स्कोअर खरंच दुसऱ्याच कंपनीचा होता. सिबिलचा निघाला ७०४!! आणि आत एक खातं दिसलं जे माझं नाहीच. एका सहकारी बँकेचं व्हेइकल लोन, त्यात माझं नाव गॅरंटर म्हणून. मग डोक्यात प्रकाश पडला, मावसभावाच्या टेम्पोला जामीन म्हणून सही केली होती. त्याच्या पुढे महिन्यांचे चौकोन आहेत, बहुतेक ठिकाणी ००० पण अलीकडच्या दोन चौकोनांत ०३१ आणि ०६२. याचा अर्थ काय? आणि कर्ज त्याचं असताना माझा स्कोअर का पडावा? फोन केला तर तो म्हणतो अगं होईल या महिन्यात, टेन्शन घेऊ नकोस.

निवृत्त_क्रेडिटवाला

सापडलं तर मग. ते चौकोन म्हणजे हप्ता किती दिवस थकलाय ते. ००० म्हणजे वेळेवर, ०६२ म्हणजे ६२ दिवस थकीत. असा ३६ महिन्यांचा इतिहास दिसतो. उद्या त्याने पैसे भरले तरी ०६२ तिथेच राहणार, फक्त पुढचे चौकोन स्वच्छ होत जातील आणि जसजसा काळ जाईल तसतसा त्याचा जोर कमी होईल.

जामिनाचं आपल्या लोकांना कोणी सांगतच नाही. मॅनेजर म्हणतो फक्त सही, आणि नातं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार. पण १८७२ च्या करार कायद्यात, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक आधी त्याच्याकडे जाईल आणि मग तुमच्याकडे असंही काही नाही, सरळ तुमच्याकडे येऊ शकते. आणि एकट्याने जामीनकी सोडता येत नाही, सहकारी बँक तयार झाली आणि त्याने दुसरा जामीनदार आणला तरच.

आज लगेच करण्यासारखं एकच, मावसभावाला ९० दिवसांच्या आत थकबाकी भरायला लावा. ९० च्या पुढे गेलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतात जमा, मग कार्ड सोडा, घराच्या कर्जालाही त्रास होईल. "होईल या महिन्यात" चालणार नाही, तारीख घ्या, भरल्याची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर मागा. मावशीपर्यंत विषय न्यावा लागला तरी न्या. बँका आता या कंपन्यांना निदान दर पंधरा दिवसांनी तरी माहिती देतात, जानेवारी २०२५ पासून, त्यामुळे भरल्याचंही पूर्वीपेक्षा लवकर दिसतं.

वसईची_फास्ट

बापरे. बरं यात एक बघा, तो कदाचित भरतही असेल आणि बँकेने अपडेट केलं नसेल. कर्जखात्याचा उतारा मागा त्याच्याकडे, तारखा जुळवा. नोंद चुकीची निघाली तर रिपोर्टवरच डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकता येतो, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. पण नोंद खरी असेल तर डिस्प्यूटचा उपयोग नाही आणि "पैसे द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणारे एजंट तर सरळ फसवे, ट्रेनमध्ये स्टिकर चिकटवलेले असतात बघा.

जाधव, पाटील, शिंदे असली आडनावं आणि वर नाव कॉमन असणाऱ्या सगळ्यांनीच रिपोर्ट काढून बघावा खरं तर. दुसऱ्याच कोणाचं कर्ज आपल्या नावावर चढल्याचं ऐकलंय, जन्मतारीख आणि पॅन नीट तपासायचं.

कटिंग_मारके

तोवर एफडीवरचं कार्ड घ्या की. २५-३० हजारांची एफडी ठेवायची, तिच्या साधारण ७५ ते ९० टक्के लिमिट मिळतं, पगार-कंपनी फारसं कोणी बघत नाही कारण पैसे त्यांच्याकडेच अडकलेले असतात. एफडीचं व्याज चालूच राहतं. विमानाच्या तिकिटाला पुरेल तेवढं लिमिट होईल इतकी एफडी करा, पण दर महिन्याला लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आसपासच वापर ठेवता आला तर स्कोअरला बरं. बिल पूर्ण भरायचं, नुसती मिनिमम ड्यू म्हणजे बिलावरची किमान रक्कम नाही, नाहीतर ३६ ते ४५ टक्क्यांपर्यंत वर्षाचं व्याज लावतात.

कन्नमवारनगरची

एफडीवालं आवडलं. ऑफिसमध्येही बोलते, तिकिटं कंपनीच्या कार्डावरूनच काढा म्हणून, इतके दिवस माझ्या डोक्यात का आलं नाही कोण जाणे. कारण लेखी मागायचा ईमेल टाकलाय, सध्या नुसता ऑटो रिप्लाय आलाय. आणि मावशीला रविवारी जेवायला बोलावलंय.

गिरगावचा_आजोबा

मावसभावालाही बोलवा. टेम्पो घेऊन ये म्हणावं.