मदत हवी आहे: बातम्यांतून इंग्रजी शब्द शिकवताना खरं नातं आणि नुसतं आवाजाचं साम्य वेगळं कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात धायरीला राहते. दिवसा एका दुकानाचे हिशेब लिहिते आणि संध्याकाळी सात ते सव्वाआठ आमच्या सोसायटीतली आणि मागच्या चाळीतली सहा मुलं माझ्याकडे इंग्रजी वाचायला बसतात. सगळी मराठी माध्यमाची, आठवी ते दहावीची. फी घेत नाही. मी बी.कॉम. आहे, भाषेचं शिक्षण नाही, म्हणून इथे विचारतेय.

हे सुरू झालं जानेवारी २०२५ मध्ये. आमच्या शेजारच्या नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण सापडत होते. घरोघरी पाणी उकळणं चाललं होतं आणि मुलांच्या तोंडी दिवसभर एकच शब्द, सिंड्रोम. नववीतल्या एकीने विचारलं, "काकू, हा आजार आहे तर डिसीज का नाही म्हणत?" मला उत्तर येत नव्हतं. रात्री शोधलं. ग्रीकमध्ये सिन् म्हणजे एकत्र आणि ड्रोमॉस म्हणजे धावणं. सगळी मिळून धावत येणारी लक्षणं, तो सिंड्रोम. गियाँ आणि बारे ही तर फ्रेंच डॉक्टरांची नावं, त्यांनी १९१६ साली त्या आजाराचं वर्णन केलं. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, आणि त्याच ड्रोमॉसवरून पॅलिंड्रोमही सांगितला, म्हणजे उलटा धावणारा शब्द. एकजण लगेच ओरडला, "चिमा काय कामाची!" त्यानंतर सिंड्रोम कोणालाच पाठ करावा लागला नाही.

तेव्हापासून पद्धत अशी आहे. इंग्रजी पेपरातली एक बातमी कापायची, वहीच्या डाव्या पानावर चिकटवायची, तिच्यातले तीन शब्द निवडायचे आणि उजव्या पानावर त्यांची गोष्ट लिहायची. बजेटच्या वेळी बजेट शब्द घेतला. मुळात जुन्या फ्रेंचमध्ये बुजेत, म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. २०१९ साली निर्मला सीतारामन यांनी ब्रीफकेस सोडून लाल कापडातला बहीखाता आणला होता, त्याचा फोटो शेजारी लावला. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये अर्थमंत्री बजेट 'उघडत', ते का, हे मुलांना आपोआप कळलं.

मग मे आला. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, २६ मेला मुंबईत पोचला. मान्सून शब्द काढला तर निघाला अरबी मौसिम, म्हणजे ऋतू, ठराविक काळ. अरबी खलाशांकडून पोर्तुगीजांकडे, तिथून डच आणि इंग्रजांकडे. आणि आपला मोसम तोच! मोसंबीचा मोसम आणि मान्सून ही एकाच घरातली भावंडं आहेत, हे कळल्यावर मी स्वतः किती वेळ त्या पानाकडे बघत बसले होते. सायक्लोन शब्द हेन्री पिडिंग्टन नावाच्या माणसाने कलकत्त्यात बसून ग्रीक कुक्लॉसवरून घडवला. कुक्लॉस म्हणजे वर्तुळ, चाक, आणि आपलं चक्र त्याचंच नातलग. म्हणजे चक्रीवादळ आणि सायक्लोन एकच शब्द झाले की. व्हायरस आणि विष तसेच.

माझी अडचण इथूनच सुरू होते.

मुलांना नाती जोडायची चटक लागली आहे आणि मला खरं-खोटं सांगता येत नाही. २७ ऑगस्टला गणपती बसले आणि नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेचा आपल्या मालावरचा ५० टक्के टॅरिफ लागू झाला. मुलं आरतीला आली तीच शब्द घेऊन. मी सांगितलं की टॅरिफ हाही अरबी शब्द आहे आणि आपली तारीफ त्याच्या फार जवळची. त्यावर दहावीतला मुलगा म्हणाला, "मग 'मंडळातर्फे' मधलं तर्फे पण तेच ना?" मी म्हटलं, असेल. आता वाटतं, असेल हा शब्द मी उच्चारायलाच नको होता. दुसऱ्या मुलीने वहीत लिहून आणलं की डे म्हणजे दिवस, दिन, कारण तिन्हीत द आहे (इंग्रजीतला डी म्हणजे आपला द, असं धरून). तिने फार मन लावून केलं होतं. बरोबर की चूक, मी काहीच बोलू शकले नाही.

याहून वाईट गोष्ट म्हणजे एक चूक मी स्वतः शिकवली आहे. सॅलरी म्हणजे मीठ, रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा, असं मी ठणकावून सांगितलं होतं. एका मुलीने विचारलं, "कुठे लिहिलंय?" शोधल्यावर कळलं की सालारियम हा लॅटिन शब्द मिठाच्या साल शब्दावरून आला आहे हे खरं, पण पगार म्हणून मीठ वाटत असत याला त्या काळचा पुरावा नाही. दुसऱ्या दिवशी मुलांसमोर तसं सांगितलं आणि वहीतलं वाक्य सगळ्यांना खोडायला लावलं. न्यूज म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, ही गोष्टही मी शिकवणारच होते, थोडक्यात वाचले.

दुसरी अडचण वेगळी आहे. गोष्ट असलेले शब्द मुलांना येतात, पण मथळा वाचता येत नाही. 'सेंटर मल्स', 'हायकोर्ट रॅप्स', 'कॉप्स नॅब' असल्या छोट्या क्रियापदांवर गाडी अडते. त्यांची व्युत्पत्ती सांगून काही उपयोग होत नाही, मी करून पाहिलं. मग मी निवडते ते शब्द मुलांच्या कामाचे आहेत, की मला आवडतात म्हणून मी निवडते? हा प्रश्न मला रात्री छळतो. दहावीच्या मुलांचा वेळ आहे हा.

कृपया मार्गदर्शन करा. महागडा कोर्स सुचवू नका, पुस्तक असेल तर अप्पा बळवंत चौकात मिळेल असं सांगा.

शनिवारपेठी:

ताई, आधी तर्फेचं. ते तारीफेचं नातलग नाही. तर्फे आलं अरबी तरफ म्हणजे बाजू, दिशा यावरून. तारीफेचं मूळ 'जाणणे' या अर्थाच्या धातूत आहे. ओळख करून देणं, जाहीर करणं असा अर्थ होता. आपल्याकडे गुण जाहीर करणं म्हणून स्तुती झाली, तिकडे जकातीचे दर जाहीर करणं म्हणून टॅरिफ. पण तुमच्या मुलाला रिकाम्या हाताने पाठवू नका. त्याच धातूवरचा दुसरा शब्द आपण रोज वापरतो, मार्फत. त्याला तो सांगा.

मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश बघा, १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. शब्दापुढे कंसात अक्षर असतं, एस म्हणजे संस्कृत, ए म्हणजे अरबी, पी म्हणजे फारसी. इंग्रजी बाजूने ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी. दोन्हीकडे मूळ एकच निघालं तरच वहीत शाई, नाहीतर पेन्सिल. मी नातवाला हाच नियम लावला आहे.

दुर्बीण:

डे आणि दिवस यांचा संबंध नाही, आणि का नाही हे मुलांना समजावता येतं. संस्कृत आणि इंग्रजी लांबच्या बहिणी, पण इंग्रजीच्या घराण्यात व्यंजनं ठराविक पद्धतीने बदलली. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हे नियम मांडले. आपला प तिकडे फ होतो: पितृ आणि फादर, पद आणि फूट. आपला त तिकडे थ: त्रि आणि थ्री. आपला द तिकडे ट: दश आणि टेन, दंत आणि टूथ, द्वि आणि टू. म्हणजे दिवसाचं खरं इंग्रजी भावंड ट ने सुरू व्हायला हवं. डे मध्ये द तसाच आहे, म्हणून संशय घ्यायचा. अगदी हुबेहूब आवाज हीच शंकेची जागा.

लॅटिन-ग्रीकमध्ये मात्र तो द आणि प टिकला, म्हणून त्यांच्याकडून उसने घेतलेले शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात: डेंटल, डेसिमल, पेडल. दिवसाचा खरा लॅटिन नातलग डिएस, त्यावरून दैनिक या अर्थाने जर्नल, आणि त्यावरून जर्नलिस्ट. तुमच्या मुलीला सांगा की डे चुकला, पण ती ज्या पेपरातून शब्द कापते तो पेपर काढणाऱ्या माणसाच्या नावात दिवस आहे. आणि देव शब्दाचं भावंड हवं असेल तर ट्यूझडे. त्यातला ट्यू हा जुना जर्मानिक देव टिव, नियमाप्रमाणे द चा ट झालेला.

निवडणुका आल्या की कॅंडिडेट जरूर घ्या. रोममध्ये उमेदवार खडूने पांढराशुभ्र केलेला झगा घालून फिरायचे, कँडिडस म्हणजे शुभ्र. आपला चंद्र त्याच मुळाचा.

मुळाकाठ:

मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तीन वर्षं काढली आहेत. सुरुवातीला ए पासून शब्दांच्या याद्या पाठ केल्या, बी संपेपर्यंत ए गेलेला असायचा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मला जे सापडलं ते सांगतो. सिंड्रोम सुंदर आहे, पण त्याचं कुटुंब लहान. ज्याचं कुटुंब मोठं ते मूळ आधी घ्या. पोर्टारे म्हणजे वाहून नेणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला पाठवलं तेव्हा डिपोर्ट रोज पहिल्या पानावर होता. त्याच्याबरोबर एक्सपोर्ट, इम्पोर्ट, सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सगळे एका संध्याकाळी होतात. स्पेक म्हणजे पाहणं: इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट आणि गुन्ह्याच्या प्रत्येक बातमीतला सस्पेक्ट, म्हणजे खालून चोरून पाहणं.

मथळ्यांतल्या छोट्या क्रियापदांना गोष्ट नको, काका-मामांसारखी रोजची भेट हवी. ते जागा वाचवायला वापरतात. कन्सिडरच्या जागी मल, क्रिटिसाइझच्या जागी रॅप, अरेस्टच्या जागी नॅब. मुलांना एकाच घटनेच्या मराठी आणि इंग्रजी पेपरातल्या दोन बातम्या शेजारी चिकटवायला सांगा. 'विचाराधीन' समोर मल आपोआप दिसतो. चार आठवड्यांत तेच तेच दहा-बारा शब्द फिरताना दिसतील.

धागाकर्ती:

तुम्हा तिघांचे आभार. डे चं उत्तर काल दिलं. मुलगी आधी हिरमुसली, मग तिने ट चा नियम घेऊन घरी स्वतः तपासलं आणि आज द्रुम आणि ट्री घेऊन आली. कोशात पाहिलं, नातं खरं निघालं. शाईने लिहिलं.

पेन्सिल आणि शाईचा नियम सोमवारपासून सगळ्यांना. माझी जुनी पानंही पुन्हा तपासायला घेतली आहेत, बजेटपर्यंत आलेय. डावीकडे दोन बातम्या शेजारी लावण्यासाठी मोठ्या आकाराच्या वह्या लागतील, त्या रविवारी आणते. मुळाकाठ, पोर्ट आणि स्पेक सारखी मोठ्या कुटुंबाची आणखी पाच-सहा मुळं सुचवाल का? पेपरात वरचेवर येणारीच हवीत.