शब्दचर्चा: 'बहिष्कार' कुणी कुणावर घालायचा?

अनुवादिनी:
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरची एक छोटी पुस्तिका आठवी-नववीच्या मुलांसाठी मराठीत करते आहे. अलाबामा राज्यातल्या मॉंटगोमेरी शहराच्या बस प्रकरणात एका शब्दापाशी अडले. 'कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला' असं लिहून मोकळी झाले होते, सगळे तसंच लिहितात. पण आपल्याकडे बहिष्कार टाकतो तो गाव, जात, पंच. आणि ज्याच्यावर पडतो तो एकटा. इथे उलटं आहे. पुढच्या दाराशी पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने चढायचं, अशी वागणूक ज्यांना मिळायची त्यांनीच बस सोडली. 'बहिष्कार' चालेल की 'असहकार' बरा?

कोशकीटक:
बहिस् + कार, म्हणजे बाहेर काढणं. आपल्या बोलीत ग्रामण्य, वाळीत टाकणं, भट-न्हावी-परीट बंद. पण 'बॉयकॉट'चा जन्मही याहून फार वेगळा नाही. 1880 साली आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी त्याच्या शेतावरचं काम सोडलं, दुकानदारांनी माल द्यायचा बंद केला. त्याला चक्क वाळीत टाकलं! त्यामुळे वंगभंगाच्या वेळी 'बहिष्कार' हा शब्द निवडणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

जाता जाता: ज्या टिळकांच्या चतुःसूत्रीत हा शब्द मानाने बसला, ते स्वतः पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्यात अडकले होते, 1890च्या सुमारास. रानडेही त्यात होते. बहिष्कार म्हणजे काय, हे टिळकांना घरबसल्या कळलेलं होतं.

सातारकर:
कोशकीटकराव, चहाचा बहिष्कार आणि पाण्याचा बहिष्कार एका मापाने मोजू नका. प्रायश्चित्त घेतलं की पहिला सुटतो. 1924ची 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि 1927चं 'बहिष्कृत भारत' आठवा. बाबासाहेबांनी हा शब्द ज्याच्यावर पडतो त्याच्या बाजूने वापरला. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016चा कायदा करावा लागला, म्हणजे जुना अर्थ काही मेलेला नाही. अनुवादिनीताईंची पुस्तिका वाचणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी तो अनुभव असू शकतो. शंका रास्त आहे.

बोरूबहाद्दर:
ताई, तुमच्या प्रश्नावर खुद्द किंग यांनी डोकं घातलेलं आहे, ते सांगतो.

1 डिसेंबर 1955ला बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली. त्या रात्री तिथल्या विमेन्स पॉलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या जो ॲन रॉबिन्सन यांनी हजारो पत्रकं छापून काढली: सोमवारी बसने जाऊ नका. ठरलं होतं एका दिवसाचं. 5 तारखेला बस जवळजवळ रिकाम्या धावल्या, संध्याकाळी होल्ट स्ट्रीटच्या चर्चमध्ये सभा भरली आणि पुढे चालू ठेवायचं ठरलं. किंग तेव्हा 26 वर्षांचे, गावात नवे.

याच दिवसांत 'बॉयकॉट' शब्द त्यांना टोचू लागला. गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिल्स नावाच्या संघटना हेच हत्यार कृष्णवर्णीयांवर चालवत होत्या: नोकरी काढून घ्या, कर्ज नाकारा. मग आपण वेगळं काय करतोय? 'स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम' (1958) या पुस्तकात ते लिहितात की अमेरिकन लेखक थोरोचा कायदेभंगावरचा निबंध आठवला आणि उलगडा झाला. आपण बस कंपनीला बुडवायला निघालेलो नाही, एका वाईट व्यवस्थेला दिलेलं सहकार्य काढून घेतोय. म्हणजे 'असहकार'च.

शिवाय कायद्याची भानगड होती. सबळ कारणाशिवाय कट करून कुणाचा धंदा अडवणं हा अलाबामात 1921च्या कायद्याने गुन्हा होता. त्याखाली मार्च 1956मध्ये किंग यांना दोषी ठरवून 500 डॉलर दंड झाला. बचावाने साक्षीदार उभे केले ते बसमध्ये काय काय सोसावं लागतं हे सांगायला; 'सबळ कारण' दाखवायचं होतं ना.

हे खरं, पण मराठीत 'असहकार' लिहून बघा. 'सहकार' म्हटलं की साखर कारखाना आणि पतसंस्था. 'असहकार' म्हणजे चेअरमनचं आणि संचालकांचं फाटलेलं!

वाटसरू:
सरळ 'सत्याग्रह' लिहा की. किंग 1959 साली भारतात आले, मुंबईत गांधींच्या मणिभवनात राहिले. मॉंटगोमेरीतल्याच ज्युलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल बाईंनी आंदोलनाच्या दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्राला पत्र लिहून त्याची गांधींच्या मिठाच्या यात्रेशी तुलना केली होती.

कोशकीटक:
नको. मिठाच्या यात्रेत कायदा मोडला. मॉंटगोमेरीत चालत जाणाऱ्यांनी कोणता मोडला? बसमध्ये चढलंच पाहिजे असा कायदा नव्हता. 'सविनय कायदेभंग' शोभतो तो एप्रिल 1963च्या बर्मिंगहॅमला, तिथे कोर्टाचा मनाईहुकूम धुडकावून किंग तुरुंगात गेले.

सातारकर:
मग महाडचं काय करता? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, हा मुंबई विधिमंडळाचा ठराव 1923चा. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलेलं. 20 मार्च 1927ला लोक पाणी प्यायले ते असलेला हक्क बजावायला. तरी तो सत्याग्रहच. कायदा मोडण्याची अट तुम्ही घातलीत.

आणि किंग यांचा आपल्या शब्दांशी संबंध काढायचाच तर त्रिवेंद्रमचा प्रसंग घ्या. एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांपुढे त्यांची ओळख 'अमेरिकेतले एक अस्पृश्य' अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, रागही आला. मग मायदेशातल्या आपल्या लोकांची हालत आठवली आणि पटलं, होय, मी अस्पृश्य आहे. 4 जुलै 1965ला आपल्या चर्चमधल्या प्रवचनात त्यांनीच हे सांगितलं.

अनुवादिनी:
सातारकरकाका, हा प्रसंग घेतेच. शीर्षकात 'बहिष्कार' ठेवते, मुलांना पुढे शोधायला तोच शब्द लागेल. मजकुरात मात्र 'बसमध्ये पाऊल ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. 381 दिवस कुणी पायी गेलं, कुणी एकमेकांच्या गाड्यांतून' असं करते. आता 'टाकला' की 'घातला'?

कोशकीटक:
दोन्ही रूढ आहेत. माझ्या कानाला माणसावर 'टाकतात', मालावर 'घालतात'. बसला 'घाला'.

बोरूबहाद्दर:
आमच्याकडे मतदानावर सर्रास 'टाकतात', तो काही माणूस नव्हे.