कोलारा गेटजवळ चार खोल्यांचं होमस्टे, घरात टॉवर नाही. पाहुण्यांशी बोलायला काय वापरावं? (महिन्याला १००० च्या आत)

मोहफूल
नमस्कार मंडळी. चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या कोलारा गेटजवळ आमचं होमस्टे आहे. चार खोल्या, जेवण घरचं, मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो. अडचण एकच आहे, पण रोजची. घरात मोबाइलचा टॉवर नसतो, खिडकीत धरला तर एखादी दांडी येते. नागपूर-पुण्याचे लोक फोन करतात, लागत नाही, मग दुसरीकडे खोली घेतात. संध्याकाळी गच्चीवर गेलं की मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक येतात, तोवर पाहुणा हातचा गेलेला असतो. व्हॉट्सॲप साधंच आहे. माहेरचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप आणि पाहुणे सगळे एकाच ठिकाणी, त्यामुळे कोणाला काय भाव सांगितला ते शोधण्यातच वेळ जातो.

फोन, व्हॉट्सॲप, बुकिंगच्या साइट, स्वतःची वेबसाइट, यांतलं आमच्यासारख्याला खरंच कामाचं काय? खर्च महिन्याला हजाराच्या आत पाहिजे. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर (जंगलाचा आतला भाग) बंद असतो, तेव्हा बफरवर (बाहेरच्या पट्ट्यावर) जे येतील तेवढेच.

सिल्लारीचा_रिसॉर्टवाला
ताई, हजारात काही होत नाही, आधीच सांगून ठेवतो. पेंचला आमच्या बारा खोल्या आहेत. मी हॉटेलचं सॉफ्टवेअर आणि चॅनल मॅनेजर घेतलं. एका साइटवर खोली गेली की बाकी सगळ्या साइटवरून आपोआप कमी होते. डबल बुकिंगची कटकट संपली. महिन्याला साडेचार हजार जातात, पण सीझनमध्ये एका वीकेंडला निघून येतात. मी तर म्हणतो डोळे झाकून घ्या.

मोहफूल
दादा, बारा खोल्यांना ते ठीक असेल. आमच्या चारच आहेत आणि हजार रुपये म्हटलं आहे.

जिप्सीवाला_मोहर्ली
वहिनी, व्हॉट्सॲप बिझनेस टाका, फुकट आहे. ॲप वेगळं असते, त्याले नंबरही वेगळा द्या. एकच नंबर साध्यात आणि बिझनेसमध्ये दोन्हीकडे चालत नाही. खोल्यांचे फोटो आणि भाव कॅटलॉगमध्ये टाकले की लोक स्वतःच पाहून घेतात. लेबल लावता येतात, 'ॲडव्हान्स आला', 'विचारून राहिले', असे.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तयार उत्तर. एकदा लिहून ठेवायचं, मग तिरपी रेघ टाकून छोटा शब्द लिहिला की पूर्ण मजकूर येते. माझं पहिलं उत्तर असं आहे, तुमच्या गेटचं नाव टाकून घ्या:

'नमस्कार. आमचं घर कोलारा गेटजवळ आहे. तुमची सफारी कोणत्या गेटची, किती तारखेची, सकाळची की दुपारची? सफारी दुसऱ्या गेटची असेल तर खोली घेण्याआधी सांगा.'

हे काऊन म्हणता? पुण्याचे लोक मोहर्ली गेटची सफारी काढतात न खोली कोलाऱ्यात घेतात. त्यांना वाटते ताडोबा म्हणजे एकच दरवाजा. मंग पहाटे जंगलाला वळसा घालून दोन तासांच्या वर गाडी हाणावी लागते, सफारी हुकते, आणि राग निघते होमस्टेवाल्यावर. आमच्याकडे मागच्या हिवाळ्यात एक कुटुंब गेटवर पोचलं तेव्हा जिप्स्या आत गेल्या होत्या. म्हातारी आजी रडून राहिली होती. मंगळवारी कोअर बंद असतो, तेही त्याच मजकुरात टाका.

कोलाराप्रेमी
मोहर्लीवाल्यांना नेहमीच वाटतं की सगळे पर्यटक त्यांचेच. कोलारा गेटला गर्दी कमी आणि वाघ चांगले दिसतात, हे ज्याला जंगल कळतं त्याला विचारा.

जिप्सीवाला_मोहर्ली
भाऊ, वाघाच्या पायाला गेटचं कुंपण नसते. वहिनीनं टॉवरचं विचारलं, वाघाचं नाही.

यवतमाळची_सून
आम्ही टिपेश्वरला दोन खोल्या चालवतो. बुकिंग साइटच्या नादी लागू नका. एका मोठ्या साइटवर आम्ही नाव घातलं होतं. पंधरा टक्क्यांच्या वर कमिशन गेलं, वर त्यांची सूट आमच्याच भावातून कापली. पैसे पाहुणा गेल्यावर कितीतरी दिवसांनी. आणि सगळ्यात जाचक म्हणजे पाहुण्याचा फोन नंबर वेळेत हाती लागत नाही. आम्ही जेवण विचारणार कसं? मांसाहारी आहेत की उपवास आहे, लहान लेकरू आहे का, हे आदल्या दिवशी कळलं नाही तर खेड्यात ऐन वेळी कोंबडी आणायची कुठून? एकदा रात्री दहाला सहा जण उभे राहिले. साइटवर खोली दोघांची होती. त्यांना जेवू घातलं, पण साइटच्या मदत केंद्राला कितीदा लिहिलं, उत्तर म्हणून काही आलं नाही.

वर्धेचा_हिशेबनीस
साइटवर जायचं असेल तर जीएसटीचं समजून घ्या, लोक फुकट घाबरतात. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर छोट्या होमस्टेला नोंदणी लागत नाही. साइटवरून आलेल्या मुक्कामाचा कर साइटच भरते.

सिल्लारीचा_रिसॉर्टवाला
आमची उलाढाल त्याच्या बरीच वर आहे, आम्हाला लागते.

वर्धेचा_हिशेबनीस
तुमची लागणारच. मी छोट्यांसाठी लिहिलं. आणि हो, परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या) पोर्टलवर भरावी लागते. होमस्टेलाही लागू आहे. टॉवर नाही हे कारण चालत नाही, म्हणून पासपोर्ट-व्हिसाचे फोटो आधीच व्हॉट्सॲपवर मागून घ्या.

तंत्र_अमरावती
पैसे न लागणारं आणि सगळ्यात आधी करायचं काम म्हणजे गूगलवर बिझनेस प्रोफाइल. तुम्ही केलं नाही तरी कोणीतरी नकाशावर तुमच्या घराचं नाव टाकून ठेवलं असेल. बघा, आणि मालकी स्वतःकडे घ्या. मालक नसलेल्या ठिकाणाचा नंबर बदलायची सूचना कोणीही पाठवू शकतं. दलालांनी असे नंबर बदललेले मी पाहिले आहेत, पाहुण्याला वाटतं होमस्टेलाच फोन केला.

पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. रस्ता, घरावरची पाटी, मग कुलूप उघडून आत जाताना, असं एकाच दमात काढायचं. वीजबिल हाताशी ठेवा. व्हिडिओ चढवायला नेट लागतं, ते काम चिमूरला जाऊन करा.

नकाशावरची खूण (पिन) बरोबर ठेवणं फार महत्त्वाचं. खेड्यात घर नंबर नसतो, गल्लीला नाव नसतं. नकाशावर घरावर बोट दाबून धरलं की प्लस कोड (त्या जागेचा छोटा पत्ता) मिळतो, तो मेसेजमध्ये द्या. पाहुण्याला सांगा, मोठा रस्ता सोडायच्या आधी त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्या, म्हणजे टॉवर गेला तरी रस्ता दिसत राहतो.

जुने व्हिडिओ पाहून गूगलची फुकट वेबसाइट किंवा गूगलवरचं चॅट शोधत बसू नका. वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाली, चॅट ३१ जुलै २०२४ ला.

नागपुरी_तर्री
व्हॉट्सॲप बिझनेस घ्या ताई, बेस्ट आहे. फुकट असते न.

चिखलदऱ्याची_कॉफी
सगळे ॲप सांगून राहिले, पण ताईच्या घरी टॉवरच नाही त्याचं काय? मेळघाटात आम्ही हेच भोगतो. धुकं आलं की वीज जाते, वीज गेली की टॉवर जाते, आणि कंपनीत तक्रार केली की तिकडचा माणूस विचारते, 'सर, फोन बंद करून चालू केला का?' डोक्याले ताप होते.

आमचा इलाज फायबर. वायर घरात आली की मोबाइलच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करायचं. साधा फोन वाय-फायवरून लागते, टॉवर लागत नाही. आपला नंबर तोच राहते, पाहुण्याले काही करावं लागत नाही. फक्त फोन आणि कंपनी दोघांकडे ती सोय पाहिजे. राउटर इन्व्हर्टरवर टाका, नाहीतर वीज गेली की सगळंच गेलं. फायबरसोबत लँडलाइन मिळत असेल तर तीही घ्या. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइन नंबरवरही चालू होते, कोड फोनवर बोलून सांगतात.

मोहफूल
हे पटलं होतं आणि चिमूरला जाऊन विचारूनही आले. केबलवाला म्हणतो आमच्या टोलीपर्यंत खांबच नाहीत, वायर झाडाझाडांवरून आणावी लागेल आणि तेवढा खर्च आम्हीच करायचा. माकडं तोडतात ते वेगळंच. गावातल्या पंचायतीपर्यंत फायबर आलं आहे, आमचं घर त्याच्या पुढं आहे.

भंडाऱ्याचा_भात
पैशाच्या फसवणुकीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. नागझिऱ्याजवळ माझ्या साळ्याचा ढाबा आणि तीन खोल्या आहेत. फोन आला, 'मी मिलिटरीतला अधिकारी, दहा जणांची व्यवस्था करा, ॲडव्हान्स लगेच पाठवतो.' ओळखपत्राचा फोटो आला, गणवेशातला फोटो आला. मग एक क्यूआर आला, 'हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील.' साळ्यानं स्कॅन केला, पिन टाकला, आणि खात्यातून पैसे गेले. धान विकून आलेले पैसे होते ते.

ताई, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः जो फोन उचलतो त्याला. असं झालंच तर त्याच तासात १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा. आणि ॲडव्हान्सचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं समजू नका, बँकेचा मेसेज किंवा खातं पाहा.

यवतमाळची_सून
आम्हालाही असाच मिलिटरीवाल्याचा फोन आला होता. खोलीचा भावसुद्धा विचारला नाही, त्यावरूनच मी ओळखलं.

सिल्लारीचा_रिसॉर्टवाला
म्हणूनच पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घ्यायची सोय) असलेली स्वतःची वेबसाइट हवी. आमची नागपूरच्या मुलानं करून दिली, चाळीस हजार घेतले. ड्रोनचा व्हिडिओ पण आहे.

तंत्र_अमरावती
चार खोल्यांना वेबसाइट नको. कॅटलॉगची लिंक आणि गूगलचं पान पुरतं. एक सांगतो, व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी (एकच मेसेज अनेकांना पाठवायची) करणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. पाहुणा निघताना 'नंबर सेव्ह करून ठेवा' एवढं तोंडानं सांगा.

नागपुरी_तर्री
कृषी पर्यटनाची नोंदणी केली का ताई? २०२० चं धोरण आहे राज्याचं. बोर होत नसेल तर सांगतो.

मोहफूल
तो विषय वेगळा आहे दादा, त्याच्यासाठी दुसरा धागा काढते.

सगळ्यांचं वाचलं, घरी चर्चा केली. आम्ही ठरवलं ते असं. जावेची मुलगी चिमूरला कॉलेजात शिकते, खोली करून राहते, तिथं टॉवर पूर्ण असतो. नवीन सिम घेऊन व्हॉट्सॲप बिझनेस तिच्या फोनवर टाकलं. पाटीवर, गूगलवर, सगळीकडे तोच नंबर. फोन ती उचलते, मेसेज ती पाहते. आमच्या घरचा फोन तिच्या व्हॉट्सॲपला जोडला आहे, गच्चीवर गेलं की सगळं बोलणं आम्हालाही दिसतं. महिन्याचे हजार रुपये तिला देतो. सॉफ्टवेअर नाही, वेबसाइट नाही, साइटवर नाव नाही.

सिल्लारीचा_रिसॉर्टवाला
ताई, माफ करा, पण हे चालणार नाही. ती तिकडे खोली देईल, तुम्ही इकडे दारात आलेल्या पाहुण्याला तीच खोली द्याल. घरी फोन लागत नाही तर ती विचारणार कोणाला?

मोहफूल
त्याचा विचार केला आहे. अंगणाकडच्या दोन खोल्या तिच्या. त्या ती कोणाला न विचारता देऊ शकते. मागच्या दोन आमच्याकडे, दारात येणाऱ्यांना आणि जुन्या पाहुण्यांना. रोज संध्याकाळी सातला मी गच्चीवरून तिच्याशी बोलते, दोघींच्या वह्या जुळवतो, आणि पुढच्या शनिवार-रविवारी आमच्याकडची खोली रिकामी दिसली तर ती तिला देऊन टाकते. दिवाळीपासून असंच चालू आहे, अजून एक खोली दोघांना गेली नाही.

चिखलदऱ्याची_कॉफी
पोरीची परीक्षा असते तेव्हा?

यवतमाळची_सून
आणि तरुण मुलीचा नंबर पाटीवर? रात्री-बेरात्री फोन येतील. आमच्याकडे आलेत.

मोहफूल
नंबर धंद्याचा आहे, तिचा स्वतःचा नाही. रात्री आठला ते सिम बंद. वाईट बोललेला नंबर तिनं लगेच ब्लॉक करायचा आणि मला सांगायचं, हे पहिल्या दिवशी ठरलं. परीक्षेच्या आठवड्यात मी फोन घेऊन चिमूरला बहिणीकडे राहीन, इकडचं जाऊ सांभाळेल. परीक्षा तिची आधी, पाहुणे नंतर. हजार रुपये तिच्या मेसच्या कामी येतात, आणि पाहुण्याला माणसाचा आवाज ऐकू येतो. लोक वाघाचं कमी विचारतात, 'लहान बाळ आहे, गरम पाणी मिळेल का', 'बाबांना गुडघ्याचा त्रास आहे, पायऱ्या किती' हेच जास्त विचारतात. आमच्या घराच्या पायऱ्या तिला माहीत आहेत.

तंत्र_अमरावती
मग दोन गोष्टी करून घ्या. कामाची वेळ सेटिंगमध्ये टाका, म्हणजे आठनंतर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जाईल. आणि मुख्य फोन चौदा दिवस वापरला गेला नाही तर जोडलेला फोन सुटतो. सुट्टीत ती फोन बंद ठेवून घरी आली तर हे लक्षात ठेवा.

भंडाऱ्याचा_भात
पिनचं तिला सांगितलं न?

मोहफूल
सांगितलं दादा. खात्याचा पिन तिच्याकडे ठेवलाच नाही, क्यूआरचा फोटो तेवढा दिला आहे. पैसे आले की मेसेज माझ्या फोनवर येतो, गच्चीवरून पाहून मी हो म्हटलं की ती खोली पक्की सांगते.

जिप्सीवाले दादा, तुमचं गेटचं उत्तर जसंच्या तसं टाकलं. पहिल्याच दिवशी एका नाशिकच्या कुटुंबाची सफारी मोहर्लीची निघाली, त्यांना तिकडचंच घर पाहायला सांगितलं. हिंदीत आणि इंग्रजीत हाच मजकूर कोणी नीट लिहून देईल का? मुलीचं इंग्रजी चांगलं आहे, पण ती म्हणते दुसऱ्यानं एकदा पाहावं.

जिप्सीवाला_मोहर्ली
हिंदीचा आत्ताच टाकतो. इंग्रजीचा माझ्या पोराकडून लिहून घेतो. नाशिकवाल्यांना माझा नंबर द्या वहिनी, मोहर्लीत खोली पाहून देतो.