शब्दचर्चा : पक्षी ‘टिपला’ म्हणजे नेमकं काय केलं?

जाळीआडून
सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेत मुलांच्या फोटोंचं एक पान असतं. यंदा आमच्या चिरंजीवांनी इमारतीमागच्या आसोपालवावर बसलेल्या एका पक्ष्याचा फोटो दिलाय. घरात कुणालाच तो ओळखता आला नाही, म्हणून खाली ओळ टाकली : ‘मागच्या आवारात टिपलेला अनोळखी पक्षी’. प्रूफ आलं ते नेमकं सासूबाईंच्या हातात. त्या देवगडच्या. म्हणाल्या, “कोणी टिपल्यान? मेलो काय तो?” त्यांच्या लेखी टिपणं म्हणजे बेचकीनं नेम धरून पाडणं. संपादक काका म्हणतात, टिपणे हे पेपरवाल्यांचं मराठी, सरळ ‘काढलेला’ करा. आता ‘आवारात काढलेला पक्षी’ म्हटलं तर तो रांगोळीतला वाटेल. काय लिहावं?

निवृत्त मास्तर
पाखरू दाणे टिपते, आपण डोळे टिपतो, टिपकागद शाई टिपतो, कारकून टिपण ठेवतो. सगळीकडे हलकेच, नेमके उचलून घेणे आहे. कॅमेराही तेच करतो, तेव्हा क्रियापद निर्दोष. चूक आहे ती कर्मात. पक्षी टिपला म्हणू नये, पक्ष्याचे छायाचित्र टिपले म्हणावे. सासूबाईंचा अर्थही जुनाच आहे, त्यांना हसू नये.

चाळकरी
मास्तर, छायाचित्रात छाया कुठली? सावलीचं चित्र काढतो का आपण? त्यापेक्षा फोटो बरा, गिरगावातल्या माझ्या आजीलाही कळायचा. आणि मुंबईत हल्ली फोटो काढतंय कोण? “ए, एक फोटो मार ना!” सासूबाईंना सांगा, टिपला नाही, नुसता मारला.

मुलुंडची वऱ्हाडीण
आमच्याकडे फोटो ओढतात. लग्नानंतर मुंबईत येऊन “माझा फोटो ओढा” म्हटलं तर नणंदा हसून हसून लोळल्या. काढणं तरी कुठं शहाणं आहे? चित्र काढतात, दात काढतात, कर्ज काढतात, वरात काढतात.

निवृत्त मास्तर
ओढणे सरळ हिंदीच्या खींचनाची सावली. मारणेही तिकडचेच. ‘छाया’ खटकत असेल तर प्रकाशचित्र म्हणा, तो शब्दही रुळला आहे.

चाळकरी
कुठे रुळला? स्टुडिओवाल्याकडे जाऊन “पासपोर्टसाठी प्रकाशचित्र हवं” म्हणून बघा. तो तुम्हाला एक्स-रेवाल्याकडे धाडेल.

थेंबे थेंबे
माझी आपली एक शंका. टिपूस म्हणजे थेंब. टिपका, ठिपका त्याच घरातले. म्हणजे टिपणे मुळात थेंब उचलणे असेल का? शाई, अश्रू, घाम हे सगळं ओलंच टिपतात. दाणे नंतर आले असतील.

निवृत्त मास्तर
आणि टिपरी? टिपूर चांदणे? दोन अक्षरे जुळली की नाते लावायचे, हा आपल्याकडचा छंद आहे. टिप्पणीचाही विचार करा.

थेंबे थेंबे
टिप्पणीवरून टिपणे आलं म्हणता? मग दाणे टिपणाऱ्या चिमण्यांना संस्कृत येत असणार.

भिंग
शब्दाचं चालू द्या, पण तो पक्षी कोणता? जाळीआडून, फोटोत काय दिसतंय ते तरी सांगा.

जाळीआडून
फोटो धड नाहीये. आमच्या खिडकीला कबूतरजाळी आहे, मोबाइल प्रत्येक वेळी फोकस जाळीवरच धरत होता. शेवटी लेकाने लेन्स जाळीच्या एका चौकोनाला टेकवून धरली, तेव्हा कुठे पक्षी आला. वर पांढरं आकाश, त्यामुळे काळपट पडलाय. आकार कावळ्याहून जरा बारीक, शेपूट लांब. अंग तपकिरी, पाठीवर पांढरे ठिपके, पोटाकडे आडव्या रेघा. आसोपालवाची फळं अख्खी गिळत होता. डोळा लाल.

रानवाट
शिक्रा असणार. पोटावर रेघा आहेत ना? मुंबईत भरपूर आहेत, आमच्या भांडुपला एक रोज टाकीवर बसतो.

भिंग
शिकारी पक्षी झाडाची फळं कशाला खाईल? शिक्र्याची चोच आकडी असते. शिवाय पाठीवर असे पांढरे ठिपके नसतात.

मुलुंडची वऱ्हाडीण
मग पावशा? ‘पेरते व्हा’वाला.

भिंग
पावशाच्या डोळ्याभोवती पिवळी कडा असते आणि पाठ राखी, बिनठिपक्यांची. भारद्वाजाच्या पिल्लाला रेघा असतात, पण त्याचे पंख तांबूस, आणि ते फांदीवर बसून फळं गिळण्यापेक्षा खाली झुडपांत किडे शोधत फिरेल. जाळीआडून, दोन गोष्टी सांगा. लाल म्हणजे किती लाल? आणि कावळे त्याच्या मागे लागले होते का?

जाळीआडून
डोळा गुंजेसारखा लाल, लांबूनही जाणवत होता. आणि हो, दोन कावळ्यांनी त्याला हुसकून लावलं, म्हणून दुसरा फोटो मिळाला नाही. गुलमोहोरावर त्यांचं घरटं आहे. निम्म्याहून जास्त तारांचं, एक हँगरही आहे त्यात.

भिंग
मग झालं. कोकिळा आहे ती. मादी. काळाकुळकुळीत असतो तो नर, मादी अशीच ठिपक्यांची. डोळा दोघांचाही लाल, चोच हिरवट. फळांवर दोघांचाही जीव. उन्हाळ्यात आपल्याला झोपू देत नाही ते कुऊ-कुऊ नराचं. ही नुसतं किक-किक-किक असं कर्कश ओरडते. अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, त्यामुळे कावळे तिला बघितलं की पिसाळतात.

निवृत्त मास्तर
म्हणूनच मी चाळीस वर्षे वर्गात सांगत आलो : ‘कोकिळा गाते’ लिहू नका, ‘कोकीळ गातो’ लिहा. कवींनी घोळ घातला आणि वर्तमानपत्रांनी तो वाढवला.

चाळकरी
घोळ कसला? चिमणी म्हटलं की त्यात चिमणाही आलाच ना? ‘चिमणी चिवचिवते’ म्हणताना आधी गळ्यावरचा काळा पट्टा तपासता का? साळुंकी स्त्रीलिंगी, घार स्त्रीलिंगी, पोपट पुल्लिंगी. हे भाषेतलं लिंग आहे, पिसाऱ्याखालचं नाही. कोकिळा हे त्या जातीचंच नाव झालं म्हणा. आणि लताबाई गानकोकिळाच राहणार, गानकोकीळ झाल्या तर लोक दंगा करतील.

निवृत्त मास्तर
चिमणीला चिमणा आहे, म्हणून तिथे चालते असे नव्हे. कोकीळ हा पुल्लिंगी शब्द मराठीत आधीपासून असताना तो टाकायचा कशाला?

मुलुंडची वऱ्हाडीण
मग घारीच्या नराला काय म्हणायचं? घारू?

रानवाट
मूळ प्रश्नावर एक. पक्षितज्ज्ञ सलीम अलींची सुरुवात आठवा. पोरवयात छर्ऱ्याच्या बंदुकीनं चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ओळख पटवायला ती घेऊन ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, गेले. १८८३पासूनची संस्था. तिथले मिलार्ड यांनी पक्षी ओळखून सांगितला आणि कातडी भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. त्या काळात पक्षी नक्की ओळखायचा तर तो हातात असावा लागे, म्हणजे आधी टिपावाच लागे. देवगडच्या आजींचा अर्थ आणि आपला अर्थ एकाच कामासाठी आहे, फक्त बंदुकीच्या जागी मोबाइल आला.

जाळीआडून
हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हंजे मारल्यानच ना?”

थेंबे थेंबे
कोकिळेला अमरकोशात ‘परभृत’ म्हटलंय. दुसऱ्याने पोसलेला. मला हा शब्द फार आवडतो.

निवृत्त मास्तर
आणि कावळ्याला ‘परभृत्’. दुसऱ्याला पोसणारा. पाय मोडका त. लक्षात घ्या, सगळा फरक त्या एका खुणेचा आहे. म्हणून मी शुद्धलेखनाबद्दल एवढा हट्ट धरतो. पक्षिनिरीक्षणातला ‘क्षि’ ऱ्हस्वच हवा, हेही जाता जाता सांगतो.

चाळकरी
पण मराठीत शेवटच्या अकाराचा उच्चार आपण करतोच कुठे? परभृत आणि परभृत् दोन्ही तोंडी एकच. म्हणजे मराठीत आला की कोकीळ आणि कावळा सारखेच. कावळ्यालाही तेच वाटत असतं, म्हणून तर तो पिल्लू वाढवतो.

निवृत्त मास्तर
हा युक्तिवाद नव्हे, कोटी आहे.

भिंग
एक सांगून ठेवतो. पिल्लू बाहेर आलं की आधी काळपटच दिसतं, आणि कावळी त्याला भरवत असते, तो फोटो सोडू नका. लेन्स जाळीला टेकवूनच धरा.

मुलुंडची वऱ्हाडीण
‘कावळी’ म्हणालात? आमच्याकडे कावळीण म्हणतात.

निवृत्त मास्तर
कावळी.

चाळकरी
कावळीण! गिरगावात तर नक्कीच.